आईसाठी सुई ओवायचे थ्रेडर घेतले, कोणता चालला कोणता नाही

माझी आई बहात्तर वर्षांची आहे आणि गोधडी शिवणं हे अजूनही तिचं रोजचं काम. जुन्या सुती साड्या, बाबांची धोतरं, त्यांचे थर लावायचे आणि कडेपासून आत आत धावदोरा घालत यायचं. डिसेंबरात नागपूरची थंडी पडली की आमच्याकडे ब्लँकेट असूनही सगळ्यांना तिचीच गोधडी लागते. हात अजून पक्के आहेत, टाका तांदळाच्या दाण्याएवढा, फक्त सुईचं नेढं दिसत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, लांबचं छान दिसतं, पण जवळच्याला चष्मा लावूनही दोरा नेढ्याच्या बाजूनेच जातो.

सकाळी पोरं शाळेत जायच्या आधी त्यांच्याकडून चार-पाच सुया ओवून घ्यायची, त्या अकरा-साडेअकरापर्यंत संपायच्या. मला हे माहीतच नव्हतं, एक दिवस ऑफिसातून लवकर घरी आले तर कापड मांडीवर घेऊन नुसती बसलेली. काय करून राहिली आई, विचारलं तर म्हणे काही नाही वं, पोट्ट्याची वाट पाहून राहिली, दोरा संपला. फार लागलं मला ते. त्याच शनिवारी इतवारीत गेले आणि लेस-बटणाच्या दुकानातून दोन प्रकारचे थ्रेडर आणले, बाकीचं ऑनलाइन मागवलं.

पहिला तो सगळ्यांनी पाहिलेला, पत्र्याची छोटी टिकली, त्यावर चेहरा उमटवलेला आणि पुढे बारीक तारेचा चौकोनी फास. दहा रुपयांत दोन मिळाले. पहिला दुसऱ्याच दिवशी तुटला, तार पत्र्यातून निघूनच आली, आणि मला वाटलं मालच खराब, पण दुसरा वापरताना नीट पाहिलं तेव्हा कळलं की आपण टिकली धरून ओढतो नं, सगळा ताण त्या जोडावर येतो. त्याऐवजी टिकली स्थिर धरायची आणि सुई हळूच तारेवरून सरकवत काढायची. तसं केल्यापासून तोच एक थ्रेडर सहा महिने झाले चालू आहे. पण आईसाठी अडचण अशी की तारेचा फाससुद्धा आधी नेढ्यात घालावाच लागतो, दोऱ्यापेक्षा सोपं जातं कारण तार लवत नाही, तरी संध्याकाळच्या उजेडात तिला ते जमत नाही. मला मात्र हाच आवडतो.

दुसरा पातळ स्टीलचा, टोकाला आकडा असलेला. हा भरतकामाच्या सुईला मस्त, कारण तिचं नेढं लांबट असतं, अँकरच्या भरतकामाच्या दोऱ्याच्या लडीचे सहाच्या सहा पदर एकदम ओढून घेतो. गोधडीच्या बारीक सुईत तो शिरतच नाही, जबरदस्ती केली तर नेढं तुटेल, करू नका.

मग त्या आपोआप ओवल्या जाणाऱ्या सुया, ज्यांच्या डोक्यावर खाच असते आणि दोरा वरून दाबला की आत बसतो. यांच्याकडून मला सगळ्यात जास्त आशा होती. बटण लावायला, साडीचा फॉल कुठे सुटला तर दोन टाके घालायला ठीक, पण गोधडीत पाच-सहा थरांतून सुई ओढावी लागते, तिथे सुती दोरा त्या खाचेत घासून पिंजतो नाहीतर वरच्यावर निसटतो. वर ती खाच बोटाला टोचते, अंगुस्तान घातल्याशिवाय हात लावू नये. आईने दोन दिवसांत बाजूला ठेवून दिल्या.

आणि शेवटचा टेबलावर ठेवायचा बटणवाला, अडीचशेला पडला, तेव्हा महाग वाटला. सुई नेढ्याकडून खाली नळीत उभी सोडायची, दोरा समोरच्या खाचेत आडवा ठेवायचा, बटण दाबायचं, आतलं बारीक पातं दोऱ्याला नेढ्यातून पलीकडे ढकलतं, सुई वर काढली की दोऱ्याचा छोटा फास लटकत असतो, तो ओढून घ्यायचा बस. नेढं बघायची गरजच नाही! आईने पहिल्यांदा केलं तेव्हा सुई उजेडात धरून तीन वेळा पाहिली, खरंच ओवली का म्हणून.

याला सुई मात्र जमणारी लागते. बाजारात सुईचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. सात, आठ, नऊ नंबर आमच्याकडे व्यवस्थित चालले, दहा नंबरला पातं नेढ्यात न जाता अडकायला लागलं, तिथे जोर दिला तर पातं वाकतं. वाकडी झालेली सुई घालू नका, आणि मेण लावलेला जाड दोराही नको. आईला दोऱ्याला मेण लावायची सवय, आता ती आधी ओवते मग मेण फिरवते.

आणखी एक गोष्ट, जी आता आमच्या घरी सगळ्यात जास्त उपयोगी पडते. दोरा न तोडता रिळावरच आठ-दहा सुया एकामागे एक ओवून ठेवायच्या, हवा तेव्हा हातभर दोरा ओढायचा, एक सुई पुढे ठेवायची, बाकीच्या मागे सरकवायच्या आणि कापायचं. दोरा कापताना तिरपा कापा, आणि दोरा नेढ्यात एका बाजूने जात नसेल तर सुई फिरवून दुसऱ्या बाजूने बघा, पुष्कळ सुयांना एका बाजूचं नेढं जास्त मोकळं असतं.

तर घेणार असाल तर आधी घरातली सुई कोणत्या नंबरची ते पाकिटावर पाहा, मग थ्रेडर निवडा. घरात कोणी वयस्कर शिवणारं असेल तर बटणवालाच घ्या, पैसे वसूल आहेत. आईचं या महिन्यात भाचीच्या बाळाचं दुपटं पूर्ण झालं, दुपारीच बसून केलं, कोणाला हाक न मारता.