ढोबळी मिरची: मोकळ्या रानात की शेडनेटमध्ये?

ढोबळीला दिवसा २१ ते २८ अंश आणि रात्री १५ ते २० अंश तापमान मानवतं. परभणी, बीड, जालना या पट्ट्यात त्याच्या जवळपासचे दिवस मिळतात ते ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, म्हणजे जेमतेम चार महिने. पारा ३५च्या पुढे गेला की फुलं देठासकट गळतात. उलट डिसेंबरात रात्री कडाक्याची थंडी पडली की फळ धरतं, पण चपटं, बारीक, आत बी नसलेलं. मोकळ्या रानात या चार महिन्यांतच काय ते पदरात पाडून घ्यावं लागतं. शेडनेट, म्हणजे सावलीच्या जाळीचा पाइपावर उभा केलेला मांडव, हीच मुदत दोन्ही टोकांना ताणतं. त्याच्या मोबदल्यात ते पैसा मागतंच, पण त्याहून जास्त रोजची माणसं आणि एप्रिलपर्यंतचं पाणी मागतं. निर्णय चुकतो तो बहुतेकदा या दोन मागण्यांवर, उत्पादनाच्या आकड्यावर नाही.

हंगाम कसा बसतो

मोकळ्या रानासाठी बी ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात कोकोपीट भरलेल्या ट्रेमध्ये टाकायचं. ३५ ते ४० दिवसांची रोपं सप्टेंबरच्या उत्तरार्धात गादीवाफ्यावर जातात. धोका आहे तो परतीच्या पावसाचा. काळ्या रानात सरीतून एक रात्र पाणी साचलं तरी बुडाशी काळी पडून रोपं मान टाकतात. पहिली तोडणी लागवडीनंतर ६० ते ७० दिवसांनी, म्हणजे नोव्हेंबरअखेर. फेब्रुवारी संपता संपता मालाला उन्हाचे पांढरे चट्टे पडायला लागतात आणि प्लॉट उतरणीला लागतो.

शेडनेटमध्ये लागवड जुलै-ऑगस्टमध्येच उरकते. हिरवा माल दसऱ्याच्या आसपास निघतो. लाल-पिवळ्या जातींना रंग भरायला ८० ते १०० दिवस लागतात, पण सांभाळ नीट असेल तर तोडे एप्रिलपर्यंत चालतात.

एक गैरसमज इथेच काढून टाकायला हवा. जाळी हवा फारशी थंड करत नाही; ती पानावर आणि फळावर पडणारी धग कापते. त्यामुळे 'जास्त सावली म्हणजे जास्त गारवा' असं समजून ७५ टक्क्यांची जाळी टाकणारे फसतात. ऑगस्टच्या ढगाळ दिवसांत त्या जाळीखाली रोपं नुसती उंच, पिचकी होतात, दोन पेरांतलं अंतर वाढतं आणि फूल उशिरा लागतं. ढोबळीला ३५ ते ५० टक्के सावली पुरे.

माती आणि पाणी

इथे दोन्ही पद्धतींतला फरक सगळ्यात मोठा आहे.

आपली काळी भारी जमीन ओली असताना चिकटते आणि वाळली की भेगाळते. त्या भेगांत ढोबळीची पांढरी मुळी तुटते. मोकळ्या रानात यावर उपाय एवढाच: मध्यम, निचऱ्याचं रान निवडायचं, गादीवाफा फूटभर उंच करायचा आणि २५ ते ३० मायक्रॉनचा चंदेरी-काळा मल्चिंग पेपर अंथरायचा. शेणखत एकरी १० टन. शेडनेटमध्ये मात्र जागा थोडी असल्याने माती बदलता येते. १० गुंठ्यांत तांबडी किंवा पोयट्याची माती आणि ८ ते १० टन चांगलं कुजलेलं शेणखत घालून वाफे करतात: वर ९० सेंटिमीटर रुंद, ४० सेंटिमीटर उंच, मध्ये ६० सेंटिमीटरची वाट. शेणखत अर्धकच्चं असेल तर हुमणी आणि तण दोन्ही फुकटात घरी येतात.

विहीर-बोअरचं पाणी तपासल्याशिवाय दोन्हींतलं काहीच ठरवू नये. ढोबळी खाऱ्या पाण्याला हळवी आहे. पाण्याची ईसी (त्यातल्या क्षारांचं मोजमाप) १ डेसिसायमन प्रति मीटरच्या आत असेल तर निर्धास्त राहावं, त्यापुढे उत्पादन घटू लागतं. मोकळ्या रानात पावसाने दरवर्षी क्षार थोडेफार धुऊन निघतात. शेडनेटच्या वाफ्यावर वर्षभर ठिबकाने मोजकं पाणी आणि भरपूर विद्राव्य खत पडत असल्याने ते साचत जातात आणि वाफ्याच्या कडेला पांढरी साय दिसू लागते. तशी ती दिसली की खताचे दोन हप्ते सोडून नुसतं पाणी जास्त वेळ द्यायचं.

आता पाण्याचा हिशेब. दोन्हीकडे दीड मीटरवर वाफे, वाफ्यावर दोन ओळी आणि ४५ सेंटिमीटरवर नागमोडी लागवड धरली तर मोकळ्या एकरात ११ ते १२ हजार रोपं बसतात. १० गुंठ्यांच्या शेडनेटमध्ये कडा सोडून २,६०० ते २,७००. शेडनेटमध्ये रोपाला रोज सरासरी २ लिटर धरले तर दिवसाला सव्वापाच हजार लिटर, आठ महिन्यांत साधारण साडेबारा लाख लिटर. मोकळ्या एकराला रोपामागे अडीच लिटर धरून पाच महिन्यांत चाळीस लाखांच्या वर जातात. ३० बाय ३० बाय ३ मीटरचं, १:१.५ उताराच्या कडांचं शेततळं काठोकाठ भरलं तर त्यात १९ लाख ७० हजार लिटर मावतात. म्हणजे शेडनेटचं पीक तळ्यावर निघतं, एकर निघत नाही. पण एकराचं पाणी लागतं ते विहिरी भरलेल्या असताना, ऑक्टोबर ते जानेवारीत. शेडनेटला सगळ्यात जास्त तहान लागते ती मार्च-एप्रिलमध्ये, जेव्हा तळ्यातून उन्हानेच रोज ८ ते १० मिलिमीटर पाणी उडत असतं. तळ्यात जानेवारीच्या शेवटी निम्मं पाणी उरत नसेल, तर शेडनेटचे शेवटचे दोन महिने कागदावरच राहतात.

चुनखडीच्या रानात आणखी एक खोड आहे. शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या की दुकानदार मिश्र सूक्ष्म अन्नद्रव्याची पुडी देतो. दुखणं लोहाचं असतं आणि ८च्या वर सामू (पीएच) असलेल्या मातीत ईडीटीए रूपातलं लोह टिकत नाही. ठिबकातून द्यायचं तर ईडीडीएचए चिलेट रूपातलं लोह मागून घ्यावं. कॅल्शियम नायट्रेट मात्र एकट्यानेच सोडायचं. १२:६१:०० हे स्फुरदाचं खत किंवा सल्फेटची खतं त्याच टाकीत पडली की खाली दह्यासारखा साका बसतो आणि ड्रिपर बुजतात.

बांधणी आणि छाटणी

मोकळ्या रानात छाटणी नसते. दर दहा-बारा फुटांवर बांबू, त्यावर तारेच्या किंवा सुतळीच्या दोन फेऱ्या, झाड लवंडणार नाही एवढी सोय झाली की काम संपलं. एकराच्या तोडणीला आठवड्यातून एकदा सात-आठ बायका लागतात, बाकी दिवस फवारणी आणि पाणी.

शेडनेटचं तसं नाही. लागवडीनंतर २० ते २५ दिवसांनी, आठ-दहा पानांवर झाड फुटतं. त्या पहिल्या बेचक्यातलं फूल खुडून टाकायचं. ते जिवावर येतं, पण ठेवलं तर झाड त्या एका फळापाठी थांबतं. मग रंगीत मालासाठी दोन, हिरव्यासाठी चार जोमदार फांद्या ठेवायच्या आणि प्रत्येक फांदी वेगळ्या दोरीने वरच्या तारेला बांधायची. पुढे दर पेराला दोन फुटवे निघतात. त्यांतला एक वाढू द्यायचा, दुसरा एका पानावर खुडायचा. हे दर आठ-दहा दिवसांनी, शेवटपर्यंत. एक खेप चुकली की महिनाभर आतलं झुडूप आवरत नाही, वारा खेळत नाही आणि भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, आत शिरते. १० गुंठ्यांना या कामात हात बसलेली दोन माणसं रोज लागतात. ती घरचीच असतील तरच हे परवडतं.

काम करणाऱ्यांपैकी कुणी तंबाखू मळत असेल तर छाटणीआधी साबणाने हात धुवायला लावावेत. वाळल्या तंबाखूतूनही मोझॅकचा विषाणू बोटांवर येतो आणि ताज्या जखमेतून झाडात जातो.

कीड-रोग

शेडनेट म्हणजे किडीपासून सुटका, हे अर्धसत्य. बाजूंना लावलेली ४० मेशची (इंचात ४० छिद्रांची) कीटकरोधक जाळी आणि दुहेरी दार पांढऱ्या माशीला बऱ्यापैकी अडवतं. फुलकिडा मात्र त्या छिद्रातून सहज जातो. आत गेल्यावर त्याला पावसाचा थेट मार नाही, वारा नाही, मित्रकिडीही कमी. त्यामुळे बाहेर सावकाश वाढणारा फुलकिडा आत पंधरा दिवसांत प्लॉट चुरडून टाकतो.

पान वरच्या बाजूला होडीसारखं वळलं तर फुलकिडे. खाली वळून लांबुडकं, कडक झालं तर कोळी ही सूक्ष्म कीड. शंका असेल तर शेंडा पांढऱ्या कागदावर झटकावा. पिवळसर, लांबट, चालणारे कण दिसले तर फुलकिडे. कोळी नुसत्या डोळ्याने जवळपास दिसत नाही, भिंगच लागतं. हा फरक करायला दोन मिनिटं लागतात आणि न केल्यास हजारो रुपये जातात, कारण फुलकिड्याची बहुतेक औषधं कोळ्यावर चालत नाहीत. ८० टक्के विद्राव्य गंधक, २ ग्रॅम प्रति लिटर, कोळी आणि भुरी दोन्हींवर स्वस्तात काम करतं. पण कडक उन्हात, ३२ अंशांच्या वर फवारलं तर पानं करपतात.

बाहेरच्या प्लॉटला लागवडीआधी पंधरा-वीस दिवस चहूबाजूंनी मक्याच्या दोन दाट ओळी टोचाव्यात. नव्या रोपांवर पहिले २५-३० दिवस तारेच्या कमानींवर पांढरं क्रॉप कव्हर टाकलं तर रोपांच्या सगळ्यात नाजूक काळात विषाणू पसरवणाऱ्या किडी टळतात. ज्याचं मन शेडनेटकडे ओढतंय पण खिसा नाही, त्याने आधी हे एक वर्ष करून पाहावं.

फळाच्या टोकाला बुडाशी काळा, दबलेला डाग पडला तर तो रोग नाही. पाण्याच्या ओढाताणीने कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही. रात्रीच्या वीजपाळीत चार दिवसांचं पाणी एकदम देणाऱ्यांच्या प्लॉटमध्ये तो हमखास सापडतो.

माल किती, जातो कुठे

मोकळ्या रानात झाडामागे किलोभर, म्हणजे एकरी ८ ते १२ टन. शेडनेटमध्ये झाडामागे दोन किलोच्या आसपास, १० गुंठ्यांत ५ टनांपर्यंत. तेवढ्याच जागेच्या मानाने दुप्पट, पण खरा फरक प्रतीत आहे: चट्टे नसलेला, एकसारखा माल. इंद्रासारखी हिरवी जात संभाजीनगर, जालना, नांदेडच्या बाजारात क्रेटने सहज जाते. बॉम्बी लाल आणि ओरोबेल पिवळी यांना गिऱ्हाईक मोठ्या शहरात. लातूर-नांदेडकराला हैदराबाद, इतरांना पुणे-मुंबई. तिथे खोक्यात प्रतवारी करून रात्रीच्या गाडीला माल घालायची सोय नसेल तर रंगीताच्या नादी लागू नये. शेडनेट घालून हिरवीच ढोबळी करायची असेल, तर ती सप्टेंबर-ऑक्टोबरात किंवा मार्चनंतर बाजारात यायला हवी. मधल्या काळात मोकळ्या रानाचा माल आलेला असतो आणि दोघांना एकच भाव मिळतो.

जालना-देऊळगावराजा पट्ट्यातली शेडनेटं पाहून हुरळू नये. तिथे बरीचशी भाजीपाला बीजोत्पादनासाठी आहेत. कंपनीशी करार, हाताने परागीकरण आणि किलोवर बियाणं, असा तो वेगळाच धंदा आहे.

पॉलिहाऊसचं, म्हणजे वरून प्लास्टिकच्या कागदाने झाकलेल्या घराचं, थोडक्यात: पाऊस अंगावर येत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण मार्चनंतर २०० मायक्रॉनच्या कागदाखाली हवा कोंडते आणि फॉगर (पाण्याचे धुक्यासारखे तुषार उडवणारी यंत्रणा) चालवायला भर दुपारी वीज नसते. ढोबळीसाठी मराठवाड्यात ते भारी पडतं.

सांगाडा आणि अनुदान

अनुदान निर्धारित खर्चाच्या ५० टक्के मिळतं, तुमच्या बिलाच्या नाही. राज्य सरकारच्या महाडीबीटी या संकेतस्थळावर अर्ज करून पूर्वसंमती हातात पडण्याआधी खड्डे खणले तर अनुदान गेलं. पैसे तपासणीनंतर येतात, म्हणजे तोवर सगळी रक्कम आपली किंवा बँकेची.

ठेकेदाराकडून तीन गोष्टी डोळ्यांदेखत करून घ्याव्यात: पाइप दोन-अडीच फूट खोल आणि काँक्रीटमध्ये, चारही बाजूंना तिरपे ताण, जाळी तारेने न शिवता पट्टीत स्प्रिंगने बसवलेली, म्हणजे फाटली तरी तेवढाच पन्ना (जाळीचा पट्टा) निघतो. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चसारखी गारपीट झाली तर जाळी हलक्या गारा झेलते, पण जड गारा पन्न्यांच्या मधोमध साचून पोटं धरतात. त्याच वेळी आतून बांबूला बोळा बांधून त्या ढकलून द्याव्या लागतात, नाहीतर वजनाने पाइप वाकतो.

दुसऱ्या वर्षानंतर

मोकळ्या रानात पुढच्या वर्षी प्लॉट हलवता येतो, मागे ज्वारी-हरभरा घेता येतो. शेडनेट जागचं हलत नाही, म्हणून तिसऱ्या पिकापर्यंत मुळांवर सूत्रकृमीच्या, म्हणजे मातीतल्या डोळ्याला न दिसणाऱ्या कृमींच्या, गाठी दिसतात. ढोबळीमागून काकडी घेण्याची पद्धत आहे, पण या किडीला दोन्ही सारख्याच मानवतात. खरा उपाय मे महिन्यात असतो. शेवटचा तोडा झाला की झाडं मुळासकट उपटून जाळायची, छताची जाळी एका कडेला गुंडाळून बांधायची. वाफे वीतभर खोल ओले करून त्यावर २५ ते ५० मायक्रॉनचा पारदर्शक कागद ताणून अंथरायचा आणि कडा मातीने बुजवून पाच-सहा आठवडे उघडायच्या नाहीत. कागद काळा नको आणि वर जाळी नको. माती तापायला थेट ऊनच लागतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात कागद काढला की मगच ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी आणि निंबोळी पेंड घालायची. आधी घातलेला ट्रायकोडर्मा त्या उन्हात सूत्रकृमीबरोबरच मरतो.