प्लॅटिनमची लहान नाणी: दशांश, पाव की पूर्ण औंस?

बचतीचा काही भाग प्लॅटिनममध्ये ठेवायचा, असे ठरवलेल्या अमेरिकेतील किंवा ब्रिटनमधील मराठी कुटुंबापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो नाण्याच्या आकाराचा. एक ट्रॉय औंस, म्हणजे ३१.१०३५ ग्रॅम वजनाचे पूर्ण नाणे एकरकमी घेणे जड वाटते, आणि म्हणून अर्धा औंस, पाव औंस (७.७८ ग्रॅम), दशांश औंस (३.११ ग्रॅम) किंवा त्याहूनही लहान नाण्यांकडे लक्ष जाते. सोन्याच्या बाबतीत ही सवय आपल्या अंगवळणी पडलेली आहे. सणाला ग्रॅम-दोन ग्रॅम घेत राहायचे आणि गरज पडली की तेवढेच मोडायचे. प्लॅटिनममध्ये हीच पद्धत तितकी सुखाची ठरत नाही. लहान नाण्याचा निर्णय ते किती स्वस्तात हाती येते यावर करू नये, ते मोडताना किती पैसे परत देईल यावर करावा, असे माझे ठाम मत आहे, आणि पुढची सगळी तुलना याच कसोटीवर केली आहे.

प्रथम बाजारात मिळते काय, ते पाहू. गुंतवणुकीसाठी पाडलेले आधुनिक काळातील पहिले प्लॅटिनम नाणे म्हणजे आइल ऑफ मॅनचा ‘नोबल’. तो १९८३ मध्ये आला आणि त्याच्या लहान आवृत्त्या त्यानंतर निघाल्या. १९८८ मध्ये कॅनडाचा ‘मेपल लीफ’ आणि ऑस्ट्रेलियाचा ‘कोआला’ बाजारात उतरले, आणि दोघांनीही अर्ध्या, पाव व दशांश औंसाची नाणी काढली. अमेरिकेचा ‘प्लॅटिनम ईगल’ १९९७ मध्ये सुरू झाला, तोही चार आकारांत: १०० डॉलर दर्शनी मूल्याचा पूर्ण औंस, ५० डॉलरचा अर्धा, २५ डॉलरचा पाव आणि १० डॉलरचा दशांश. मात्र २००८ नंतर अमेरिकेच्या टांकसाळीने ईगलचे लहान आकार बंद केले आणि आज तेथे केवळ पूर्ण औंसाचे नाणे पाडले जाते. त्यामुळे आज कोणी लहान ईगल विकत असेल, तर तो १९९७ ते २००८ या काळातीलच असतो आणि आधी कोणाच्या तरी मालकीचा राहिलेला असतो. लहान आकारांतील अलीकडची नाणी हवी असतील, तर ब्रिटनच्या रॉयल मिंटची दशांश औंसाची ‘ब्रिटानिया’ (दर्शनी मूल्य १० पौंड) आणि ऑस्ट्रियाच्या टांकसाळीची १/२५ औंसाची ‘व्हिएन्ना फिलहार्मोनिक’ (दर्शनी मूल्य ४ युरो) ही दोन नावे प्रामुख्याने समोर येतात.

शुद्धतेच्या बाबतीत या सर्वांमध्ये निवड करण्यासारखे काही नाही. ही सगळी ९९९.५ शुद्धतेची, म्हणजे हजार भागांत ९९९.५ भाग प्लॅटिनम असलेली आहेत. सोन्याच्या ईगलमध्ये असते तशी २२ कॅरेटची मिसळ येथे नसते, त्यामुळे नाण्याचे वजन आणि त्यातील धातूचे वजन जवळजवळ एकच असते. फरक पडतो तो घडणावळीत आणि मोडीच्या भावात.

हे गणित उलगडून दाखवण्यासाठी हिशेबाला सोपा असा एक काल्पनिक भाव धरू. समजा, प्लॅटिनम औंसाला १,००० डॉलर आहे. पूर्ण औंसाच्या नाण्यावर विक्रेत्याने ६० डॉलर अधिक घेतले आणि परत घेताना ९७० डॉलर दिले, तर १,०६० गुंतवून ९७० परत मिळतात, म्हणजे केवळ मुद्दल सुटण्यासाठी भाव सुमारे ९ टक्के वाढावा लागतो. आता दशांश औंसाचे नाणे घ्या. त्यात धातू १०० डॉलरचा. विक्रेत्याने १२० डॉलर घेतले आणि परत घेताना ९५ डॉलर दिले, तर मुद्दल सुटायला भाव २६ टक्के चढावा लागतो. वीस डॉलरचा अधिभार ऐकायला किरकोळ वाटतो आणि साठ डॉलरचा मोठा, पण प्रत्यक्षात पहिला दुसऱ्याच्या तिपटीहून अधिक महाग आहे. नाणे पाडणे, तपासणे, वेष्टनात घालणे आणि विमा उतरवून टपालाने पाठवणे यांचा खर्च नाणे लहान झाले म्हणून त्या प्रमाणात घटत नाही, हे यामागचे साधे कारण आहे. हे आकडे उदाहरणापुरते आहेत; खरेदीच्या दिवशी प्रत्येकाने आपल्या विक्रेत्याकडून दोन्ही भाव, म्हणजे विक्रीचा आणि परतखरेदीचा, त्याच वेळी विचारून हाच भागाकार करावा. परतखरेदीचा भाव सांगायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून लहान नाणे घेऊ नये.

सोन्यात हाच हिशेब सौम्य होतो, कारण सोन्याचे गिऱ्हाईक गल्लोगल्ली आहे. प्लॅटिनम मुळात औद्योगिक धातू आहे. मोटारींच्या धूरशुद्धीकरणाची उपकरणे, काच व रसायन उद्योग आणि दागिने यांत त्याचा मुख्य खप होतो, आणि जगाच्या खाणींतून निघणाऱ्या प्लॅटिनमपैकी सुमारे ७० टक्के एकट्या दक्षिण आफ्रिकेतून येते. त्यामुळे भाव दोन्ही बाजूंनी झोके खातो. २००८ च्या आरंभी दक्षिण आफ्रिकेतील वीजटंचाईने खाणी थांबल्या आणि मार्चमध्ये औंसाचा भाव २,२०० डॉलरच्या वर गेला; त्याच वर्षी मोटारउद्योग कोसळला आणि ऑक्टोबरअखेर तोच भाव ८०० डॉलरच्या खाली आला. मार्च २०२० मध्ये तर तो काही काळ ६०० डॉलरच्याही खाली उतरला होता. अशा धातूत ज्याला आरंभीच २६ टक्क्यांची खोट भरून काढायची आहे, त्याने मोडण्याची वेळ स्वतः निवडता येईल एवढी सवड स्वतःजवळ ठेवली पाहिजे. अडीअडचणीला ताबडतोब मोडता येईल, या आशेने दशांश औंसाची नाणी जमवणे मला म्हणूनच धोक्याचे वाटते.

करांचा प्रश्न लहान नाण्यांच्या बाबतीत विशेष बारकाईने पाहावा लागतो, आणि माझ्या समजुतीप्रमाणे बहुतेक खरेदीदार नेमके येथेच कमी लक्ष देतात. अमेरिकेत विक्रीकर राज्यागणिक बदलतो. टेक्ससमध्ये अशा नाण्यांवर तो लागत नाही. कॅलिफोर्नियात मात्र सवलत मिळण्यासाठी एका व्यवहाराची रक्कम किमान २,००० डॉलर असावी लागते. २०२३ पूर्वी ही मर्यादा १,५०० होती. न्यू जर्सीने १ जानेवारी २०२५ पासून गुंतवणुकीच्या धातूला विक्रीकरातून वगळले, पण १,००० डॉलरच्या खालच्या व्यवहाराला ती सूट नाही आणि तेथे ६.६२५ टक्के कर भरावा लागतो. एडिसनमध्ये किंवा सॅन होजेच्या आसपास राहणाऱ्या ज्या कुटुंबाला दर महिन्याला एक दशांश नाणे घेण्याची योजना आकर्षक वाटते, त्याला ही मर्यादा दर महिन्याला आडवी येते. तेच पैसे बँकेत साठवून वर्षातून एकदा सूट मिळेल एवढी खरेदी केली, तर विक्रीकरही वाचतो, टपालखर्चही एकदाच लागतो आणि कदाचित पूर्ण औंसाचे नाणेही परवडते. दरमहा थोडे थोडे घेण्याची शिस्त चांगलीच आहे. ती पैशांत पाळावी, धातूत नव्हे.

विक्रीनंतरचा करही ध्यानात हवा. अमेरिकेत नाणी संग्रहणीय वस्तू मानली जातात, त्यामुळे वर्षाहून अधिक काळ ठेवलेल्या नाण्याच्या नफ्यावर केंद्रीय कराचा दर २८ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. समभागांना मिळणारा कमी दर येथे लागू होत नाही. निवृत्तिखात्यात, म्हणजे आयआरएमध्ये, प्लॅटिनम ईगलचे सर्व आकार ठेवता येतात, परंतु नाणी अधिकृत संरक्षकाच्या ताब्यात ठेवावी लागतात. घरच्या तिजोरीत ठेवून ती आयआरएमध्ये दाखवता येत नाहीत. नाणे हातातच येणार नसेल, तर लहान आकाराचा मुख्य लाभ उरत नाही, म्हणून निवृत्तिखात्यासाठी पूर्ण औंसाखेरीज दुसरा विचार करण्याचे मला कारण दिसत नाही.

ब्रिटनमध्ये चित्र अधिक कठोर आहे. तेथे गुंतवणुकीच्या सोन्यावर मूल्यवर्धित कर नाही, पण प्लॅटिनमवर २० टक्के आहे. वरच्याच उदाहरणातले १२० चे नाणे करासह १४४ ला पडते आणि ९५ ला मोडले जाते, म्हणजे भाव ५० टक्क्यांहून अधिक चढल्याखेरीज घातलेले पैसेही परत येत नाहीत. ब्रिटानिया हे कायदेशीर चलन असल्यामुळे ब्रिटनच्या रहिवाशाला तिच्या नफ्यावर भांडवली लाभकर भरावा लागत नाही, ही तिची खरी जमेची बाजू आहे. परंतु ज्या नफ्यापर्यंत पोहोचायलाच एवढी चढण आहे, त्याच्या करमाफीचे मोल लहान बचतदाराला फारसे नाही. नाणे विक्रेत्याच्या करमुक्त गोदामातच ठेवून तेथूनच विकले तर मूल्यवर्धित कर टळतो, तरीही ते घरी मागवताच कर द्यावा लागतो. लंडन किंवा लेस्टरमधल्या कोणी मला विचारले, तर लहान रकमेसाठी मी प्लॅटिनमऐवजी सोन्याचे सॉव्हरिन सुचवेन; ब्रिटनच्या या नाण्यात ७.३२ ग्रॅम शुद्ध सोने असते आणि त्याला मूल्यवर्धित कर व भांडवली लाभकर दोन्ही लागू नाहीत.

आता प्रत्यक्ष नाण्यांची निवड. अमेरिकेतील खरेदीदारासाठी लहान आकारांमध्ये माझा कल पाव औंसाच्या जुन्या ईगलकडे आहे. तो देशात सर्वांच्या ओळखीचा आहे, त्यामुळे परत विकताना विक्रेत्याला त्याची ओळख पटवून द्यावी लागत नाही, आणि त्यातील धातूचे मूल्य एवढे असते की अधिभाराचा टक्का दशांशाइतका बोचत नाही. अर्ध्या औंसाचा ईगल योग्य भावात मिळाला तर तो त्याहूनही सरस, पण तो शोधावा लागतो. दशांश ईगल केवळ १६.५ मिलिमीटर व्यासाचा, अमेरिकेच्या १० सेंटच्या नाण्याहूनही लहान असतो. तो सुंदर आहे, हाताळायला नाजूक आहे आणि बारशाला किंवा मुंजीला द्यायला शोभतो. भेटवस्तू म्हणून त्याला माझी पूर्ण पसंती आहे. गुंतवणूक म्हणून नाही.

जुने ईगल घेताना एक भेद ओळखता आला पाहिजे. गुंतवणुकीच्या ईगलवर टांकसाळीचे अक्षर नसते. ज्यावर वेस्ट पॉइंट येथील टांकसाळीचे ‘डब्ल्यू’ हे अक्षर आहे, ते संग्राहकांसाठी काढलेले नाणे होय. त्यात आरशासारखी चकाकी असलेली प्रूफ नाणी येतात, ज्यांच्या मागच्या बाजूचे चित्र १९९८ पासून दरवर्षी बदलत गेले. अशा नाण्याला विकताना संग्राहकाची किंमत लावली जाते, पण मोडायला नेले की अनेक विक्रेते केवळ धातूचा भाव देऊ करतात. म्हणून जेवढा धातूचा भाव, जवळपास तेवढ्यातच मिळत असेल तर प्रूफ नाणे जरूर घ्यावे. त्यापुढचा पैसा मोजायचा असेल, तर तो संग्रहाच्या आवडीपोटी मोजतो आहोत हे स्वतःशी मान्य करून मोजावा.

मेपल लीफ, कोआला आणि नोबल यांची जुनी लहान नाणी धातू म्हणून ईगलच्या तोडीस तोड आहेत आणि काही वेळा किंचित स्वस्तही मिळतात, पण प्रत्येक विक्रेता ती उत्साहाने परत घेईल असे धरून चालू नये. १/२५ औंसाच्या फिलहार्मोनिकमध्ये जेमतेम १.२४ ग्रॅम प्लॅटिनम असते, आणि एवढ्या लहान वजनावर अधिभाराचा टक्का सर्वांत वर जातो. एक ग्रॅमच्या प्लॅटिनम पट्ट्यांचेही तेच.

नकली मालाची भीती या धातूत थोडी कमी आहे, हे मात्र आवर्जून सांगितले पाहिजे. टंगस्टनची घनता (१९.२५) सोन्याच्या (१९.३) इतकी जवळ आहे की टंगस्टनवर सोन्याचा मुलामा चढवून फसवणूक करता येते. प्लॅटिनमची घनता २१.४५ असल्यामुळे त्याच आकाराचे टंगस्टनचे नाणे सुमारे १० टक्के हलके भरते. ३.११ ग्रॅमच्या नाण्यात हा फरक ०.३ ग्रॅमच्या आसपास येतो, म्हणून लहान नाणी घेणाऱ्याने ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा आणि व्यास व जाडी मोजणारे कॅलिपर जवळ ठेवावे. पूर्ण औंसात हाच फरक ३ ग्रॅमहून अधिक असतो आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावरही कळतो.

ही नाणी पुढे भारतात नेऊन मोडण्याचा विचार कोणाच्या मनात असेल, तर तो आधीच बाजूला ठेवावा, असे मी कळकळीने सुचवतो. आपल्याकडील सराफांचा प्लॅटिनमचा व्यवहार मुख्यतः ९५० शुद्धतेच्या दागिन्यांचा आहे. परदेशी प्लॅटिनम नाण्याला तेथे सोन्यासारखे तयार गिऱ्हाईक नाही, आणि सीमाशुल्काच्या दृष्टीने नाणे म्हणजे दागिना नव्हे. ज्या देशात घेतले त्याच देशात, शक्य तर ज्या विक्रेत्याकडून घेतले त्याच्याकडेच मोडता येईल असे नाणे निवडावे, आणि खरेदीची पावती नाण्याबरोबर जपून ठेवावी. नफ्याचा कर मोजताना मूळ किंमत त्या पावतीवरूनच सिद्ध करता येते, आणि वारसांना तर नाण्यावरून ती कधीच कळणार नाही.