जुन्या बाइकच्या फोर्कमध्ये गोल्ड व्हॉल्व्ह इम्युलेटर: लांबच्या मोहिमेआधी बसवावा का?

जुन्या बाइकच्या फोर्कमध्ये, म्हणजे पुढच्या चाकाला धरून धक्के झेलणाऱ्या दुहेरी नळ्यांत, बहुतेक वेळा साधा डँपिंग रॉड असतो, म्हणजे बुडाशी भोकं पाडलेली नळी. फोर्क दबला की ऑइल त्या भोकांतून जातं. भोकं ठरलेल्या मापाची असल्याने ऑइलचा वेग दुप्पट झाला की अडथळा चौपट होतो. म्हणून ब्रेक दाबल्यावर, फोर्क सावकाश बसत असताना, अडथळा जवळपास नसतोच आणि बाइकचं तोंड खाली जातं. टोकदार दगडावर मात्र तोच फोर्क ताठ होऊन मनगटाला झटका देतो. जाड ऑइल घातलं तर पहिलं दुखणं कमी होतं आणि दुसरं वाढतं. रेस टेक कंपनीचा गोल्ड व्हॉल्व्ह इम्युलेटर ही कोंडी खरोखर सोडवतो.

वस्तू लहान आहे. स्प्रिंगने दाबून धरलेली ही झडप डँपिंग रॉडच्या डोक्यावर बसते आणि फोर्कची मुख्य स्प्रिंग तिला जागेवर ठेवते. हळू हालचालीत ऑइल झडपेतल्या बारीक भोकांतून जातं, दणका बसला की झडप उघडते. ती किती दाबाला उघडायची, ते मधला बोल्ट किती फेरे आवळला यावर ठरतं. दोन फेऱ्यांपासून सुरुवात करावी आणि एका वेळी अर्धाच बदलावा.

पण आधी फोर्क धड हवा. नळ्या काचेवर लोळवून वाक पाहा. क्रोमवर गंजाचे खड्डे असतील तर नवी ऑइल सीलही टिकणार नाही. बुशवरचं (नळ्यांमधल्या सरकत्या कड्यांवरचं) टेफ्लॉन झिजून तांबूस धातू दिसत असेल तर बुश बदला. ही कामं टाळून इम्युलेटर बसवणं म्हणजे पैसे पाण्यात.

बसवताना खरी जोखीम ड्रिलिंगची. रॉडने स्वतः अडथळा करता कामा नये, म्हणून खालची कॉम्प्रेशनची (फोर्क दबतानाची) भोकं ८ मि.मी.पर्यंत वाढवून, गरज पडेल तशी नवी पाडून, एकूण सहा करायची. एका रेषेत आरपार दोन, अशा तीन जोड्या, प्रत्येक जोडी आधीच्या जोडीशी काटकोनात आणि मध्यापासून मध्यापर्यंत किमान १० मि.मी. अंतर. वरच्या बाजूचं रिबाउंडचं (फोर्क परत लांबतानाचं) बारीक भोक अजिबात छेडू नका. आतल्या कडा कानसून रॉड डिझेलने धुवा, कारण राहिलेला कीस झडपेत अडकतो आणि बुश ओरबाडतो. रॉड काढताना खालचा बोल्ट रॉडसकट फिरत बसतो. त्यासाठी टोक निमुळतं केलेली लाकडी काठी वरून रॉडच्या तोंडात ठोकून घट्ट धरावी.

स्पेसर (स्प्रिंगवर बसणारी नळी) इम्युलेटरच्या उंचीइतका कापून आखूड करायला विसरू नका, नाहीतर प्रीलोड (स्प्रिंगवरचा आधीचाच दाब) नको तितका वाढतो. फोर्क पूर्ण लांब असताना स्प्रिंग १५ ते २० मि.मी. दबलेली असावी. स्प्रिंग एकसारख्या दराची (दबताना ताठपणा न बदलणारी) आणि सामानाच्या वजनाला साजेशी हवी. सामान, भरलेली टाकी आणि चालवणारा, असं सगळं वजन ठेवून फोर्क एकूण प्रवासाच्या साधारण एक तृतीयांश बसला पाहिजे. १५० मि.मी. प्रवास असेल तर सुमारे ५० मि.मी. स्प्रिंगच मऊ असेल तर झडप काहीही वाचवू शकत नाही.

एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. परतीचा वेग, म्हणजे रिबाउंड, अजूनही ऑइलच्या जाडीवरच चालतो. म्हणून ऑइल रिबाउंड पाहून निवडा आणि दबण्याचं गणित झडपेवर सोडा. पातळी स्प्रिंग काढून, फोर्क पूर्ण दाबून, वरच्या काठापासून मोजायची. फोर्क तळाला आपटत असेल तर पातळी १० मि.मी.ने वर न्या. फार वर नेलीत तर अडकलेल्या हवेच्या दाबाने सीलच जाते.

उणिवाही आहेत. बाहेरून फिरवायला स्क्रू नाही. वाटेत बदल करायचा तर पुढचं चाक अधांतरी उचला, स्प्रिंगच्या दाबाखालची टोपी जपून काढा, स्प्रिंग उपसा आणि वाकवलेल्या तारेच्या आकड्याने झडप वर घ्या. म्हणून निघण्याआधी पूर्ण सामान लादून खडबडीत रस्त्यावर चाचणी घ्या आणि बोल्टच्या लॉकनटला थ्रेडलॉक (आटे पकडून ठेवणारा डिंक) लावा. तो सैल झाला की झडपेवरचा ताण जातो आणि फोर्क पुन्हा तोंडावर बसू लागतो. शिवाय पाडलेली भोकं बुजत नाहीत. झडप काढली तर तो रॉड निरुपयोगी, म्हणून न छेडलेल्या रॉडचा एक जोड जपून ठेवा.

मागच्या शॉकला ही झडप काही करत नाही. पन्हळी कच्च्या रस्त्यावर मूळचा सीलबंद शॉक तापतो, आतल्या ऑइलला फेस येतो आणि मागचं चाक उड्या मारू लागतं. तिथे उघडून दुरुस्त करता येणारा, नायट्रोजन भरलेला शॉक आणि सामानाला जुळणारी स्प्रिंग हवी. खर्च एकाच टोकाला परवडत असेल आणि सामान मागे लादणार असाल, तर आधी शॉक घ्या. पुढे तोवर योग्य स्प्रिंग आणि ताज्या ऑइलवर भागतं.