पॅकेट ट्रेसर : सीसीएनएच्या राउटर प्रश्नांना पुरतं का?

सीसीएनए 200-301 (सिस्कोची नेटवर्किंगची सर्टिफिकेट परीक्षा) देताय आणि राउटर कॉन्फिगरेशनच्या प्रश्नांची धाकधूक आहे ना, मग सिस्कोचं पॅकेट ट्रेसर, म्हणजे कॉम्प्युटरवरच नकली नेटवर्क उभं करून सराव करायचं सॉफ्टवेअर, टाकून घ्या, फुकट आहे, नेटअॅकचं (सिस्कोच्या नेटवर्किंग अकॅडमीचं) अकाउंट काढलं की मिळतं, विंडोज लिनक्स मॅक तिन्हीवर चालतं. परीक्षेची फीच 300 डॉलर अधिक टॅक्स, वर अजून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुने राउटर शोधत फिरायचं आणि घरी आणून त्यांच्या पंख्यांची घरघर ऐकायची, कोणी सांगितलंय.

पेपरात आयपी कनेक्टिव्हिटीला 25 टक्के वेटेज आहे, सगळ्यात जास्त. राउटिंग टेबल वाचणं, स्टॅटिक राउट, सिंगल एरिया ओएसपीएफ (राउटरनी एकमेकांना रस्ते कळवायची पद्धत), हे सगळं पॅकेट ट्रेसरमध्ये नीट बसतं. नॅट (आयपी बदलून पाठवणं), डीएचसीपी (आपोआप आयपी वाटणं), एसीएल (कोणाला जाऊ द्यायचं, कोणाला अडवायचं त्याची यादी) पण होतं.

मला सगळ्यात भारी वाटतो तो सिम्युलेशन मोड. दोन पीसी मध्ये दोन राउटर लावा आणि पिंग मारा, पहिला पिंग बहुतेक वेळा वाया जातोच, लोकांना वाटतं आपलं काहीतरी चुकलं, पण इथे स्टेप बाय स्टेप दिसतं की आधी एआरपीचं (आयपीवरून मॅक विचारणारं) पाकीट धावतंय, मॅक अॅड्रेस (नेटवर्क कार्डाचा पत्ता) कळेपर्यंत पिंगचं काही खरं नाही. पाकिटावर क्लिक केलं की आतलं सगळं उघडतं, दर राउटरला मॅक बदलतो पण आयपी तोच राहतो (नॅट नसेल तर). पुस्तकात हेच वाचताना झोप येते राव.

2911 राउटरला सीरियल पोर्ट हवा असेल तर एचडब्ल्यूआयसी-2टी कार्ड घालावं लागतं आणि त्याआधी पॉवर बंद, खऱ्यासारखंच. आणि कॉपी रन स्टार्ट (कॉन्फिग सेव्ह करायची कमांड) मारलं नसेल तर बसा बोंबलत, केलेलं सगळं कॉन्फिग साफ. सेव्ह करायची सवय अशीच लागते.

आता वैताग. तो कॉन्फिग टॅब, ज्यात नुसतं रकान्यात आयपी भरून ऑन वर टिक केली की झालं, त्याच्याकडे ढुंकूनही बघू नका, परीक्षेतल्या लॅबमध्ये कमांड हातानेच टाकायच्या असतात आणि नो शटडाउन (पोर्ट चालू करायची कमांड) बोटांतून आपोआप यायला पाहिजे. दुसरं म्हणजे तयार अॅक्टिव्हिटीत खाली किती टक्के झालं ते दिसत राहतं, मग माणूस विचार न करता टक्के वाढवत बसतो. त्यापेक्षा मित्राला सांगा चालू लॅब बिघडवून दे, एका बाजूचा ओएसपीएफ एरिया बदल, कुठे हॅलो टायमर बदल, कुठे इंटरफेस पॅसिव्ह कर, आणि मग तुम्ही शो आयपी ओएसपीएफ नेबर (शेजारच्या राउटरांची यादी) रिकामं का येतंय ते शोधा. परीक्षेत 120 मिनिटं असतात आणि पुढे गेलं की मागे येता येत नाही, त्यामुळे हे शोधणं पटकन जमायला हवं.

आणि हे शेवटी सिम्युलेटर आहे, खऱ्या आयओएसच्या (सिस्को राउटरच्या सिस्टीमच्या) सगळ्या कमांड यात नाहीत, एखादी इनव्हॅलिड इनपुट दाखवली तर लगेच स्वतःला दोष देऊ नका. सीसीएनएला मात्र सहसा अडत नाही.

माझ्याकडून 5 पैकी 4. खऱ्या आयओएसचीच हौस असेल आणि लॅपटॉपला रॅम दणकून असेल तर सीएमएलचं (सिस्को मॉडेलिंग लॅब्सचं) फ्री व्हर्जन बघा, 5 नोडपर्यंत (राउटर, स्विच वगैरे मिळून) चालतं.