वायफाय राउटरचा मिनी यूपीएस: घ्यावा, पण इन्व्हर्टरच्या सवयी लावू नयेत

खानापूरच्या बाजूने पावसाने जोर धरला की कुठे तरी तारांवर फांदी पडते, हेस्कॉमची वीज तास-दोन तास जाते आणि घरून काम करणाऱ्याची पंचाईत होते. यावर उपाय म्हणून बेळगावच्या खडेबाजारातून आणलेला १२ व्होल्टचा मिनी यूपीएस, म्हणजे राउटरला वीज पुरवणारी छोटी बॅटरीपेटी, गेला पावसाळाभर वापरला. वीज जाताच राउटर रीस्टार्ट न होता चालू राहतो आणि सुरू असलेली मीटिंग तुटत नाही, एवढ्या एका गुणासाठीही तो घेण्याजोगा आहे.

खोक्यावरच्या ६००० एमएएच (मिलिअँपिअर-तास, बॅटरीच्या क्षमतेचे माप) या आकड्याला मात्र भुलू नये. आतील २००० एमएएचच्या तीन सेलांची ती बेरीज असून प्रत्येक सेल ३.७ व्होल्टचा आहे. त्यामुळे साठणारी ऊर्जा सुमारे २२ वॉट-तास भरते. सहा-सात वॉट घेणारा राउटर त्यावर, व्होल्टेज वाढवताना वाया जाणारी ऊर्जा वजा जाता, जेमतेम तीन तास चालतो. फायबरची वेगळी पेटीही त्यालाच जोडली, तर हा वेळ साहजिकच बराच कमी होतो.

खरी हरकत सोबतच्या सूचनापत्रकाला आहे. पहिल्यांदा आठ तास चार्ज करा आणि दर महिन्याला बॅटरी पूर्ण उतरवा, असे त्यात छापले आहे. हे निकेल-कॅडमियमच्या काळातले शहाणपण झाले. लिथियम-आयन बॅटरीला त्याची गरज नाही, उलट वारंवार पूर्ण रिकामी केल्याने तिची झीजच होते. दुसरीकडे आपल्या घरोघरी इन्व्हर्टर असल्यामुळे बॅटरी कायम भरलेली असावी, ही समजूत पक्की झालेली आहे. लेड-ॲसिड बॅटरीच्या बाबतीत ती बरोबरच आहे, कारण ती उतरलेल्या स्थितीत राहिली तर प्लेटांवर सल्फेट साचते. लिथियम-आयनची बॅटरी मात्र शंभर टक्के भरून उष्णतेत पडून राहिली, तर तिची क्षमता लवकर घटते.

मिनी यूपीएस सदैव प्लगलाच असल्यामुळे भरलेला राहणे टळत नाही. निदान उष्णता तरी आपल्या हातात असते. बेळगावचा उन्हाळा अथणी-रायबागच्या मानाने सौम्य असला, तरी तापलेल्या राउटरला चिकटून किंवा टीव्हीखालच्या बंद कप्प्यात तो ठेवणे चुकीचे आहे (जाहिरातींत तो हटकून राउटरखालीच दिसतो). भिंतीवर, हवा खेळती असेल तेथे तो टांगावा. काही महिने घर बंद राहणार असेल, तर निम्मा चार्ज ठेवून प्लग आणि राउटर दोन्हींपासून सोडवून ठेवावा.

खरेदी करताना भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि आर-ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा. वॉरंटीच्या अटीही दुकानातच वाचाव्यात. माझ्या नगावरील वॉरंटी एक वर्षाची आहे, परंतु बारीक अक्षरांत बॅटरी तिच्यातून वगळलेली आहे.