ऑटोरन्स: बाबांच्या जुन्या लॅपटॉपसाठी वापरलेलं फुकटचं टूल

बाबांचा लॅपटॉप २०१६ चा, ४ जीबी रॅम आणि १ टीबीची ५४०० आरपीएमवाली, म्हणजे मिनिटाला ५४०० फेऱ्या मारणारी हार्ड डिस्क. डेस्कटॉप दिसायचा पण काहीही क्लिक केलं की नुसतं गोल फिरत बसायचं, टास्क मॅनेजरमधे डिस्क १०० टक्के, पुढचा लाइट लुकलुकतही नव्हता, सलग पेटलेला, आणि डाव्या तळहाताखाली ती बारीक कुरकुर. घड्याळ लावून मोजलं, चालू केल्यापासून हिशेबाची शीट उघडेपर्यंत ११ मिनिटं! सोसायटीचे हिशेब लिहायला बसलेला माणूस वैतागणारच ना. एका दुकानात दाखवला तर म्हणे नवीनच घ्या. मला अजिबात पटलं नाही.

अशी डिस्क एक फेरी पूर्ण करायला ११ मिलिसेकंद घेते, त्यात हेडला, म्हणजे डिस्कवरचं वाचणाऱ्या भागाला, जागा बदलायची असेल तर अजून वेळ. दहा-बारा प्रोग्राम एकदम आपापल्या फायली मागायला लागले की हेड नुसतं इकडून तिकडे पळत राहतं, वाचन कमी आणि धावपळच जास्त. म्हणून मागणारे कमी करायचे, उपाय तिथेच आहे.

टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमधे फक्त सहा नावं होती, ती बंद करून फार फरक पडला नाही. मग सिसइंटर्नल्स या मायक्रोसॉफ्टच्या टूल्सच्या संचातलं ऑटोरन्स उतरवलं, विंडोजबरोबर आपोआप काय काय सुरू होतं त्याची सगळी यादी ते दाखवतं. मायक्रोसॉफ्टच्याच साइटवर फुकट मिळतं, इन्स्टॉल करावं लागत नाही, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचं की झालं. पहिल्यांदा उघडल्यावर शेकडो ओळी बघून घाबरायला होतं, हा त्याचा मोठा दोष, नवख्या माणसाला कुणी सांगतच नाही की आधी ऑप्शन्समधे जाऊन मायक्रोसॉफ्टच्या एंट्री लपवा. त्या लपवल्या आणि खरे पाहुणे दिसले. चार वर्षांपूर्वी विकून टाकलेल्या प्रिंटरची शाई तपासणारा प्रोग्राम रोज सकाळी उठत होता! शिवाय जुन्या फोनचं सिंक, दोन अपडेटर, आणि शेड्यूल्ड टास्कमधे लपलेलं एक स्कॅन. पिवळ्या ओळी दिसल्या तर त्यांच्यामागे लागू नका, त्यांची फाइलच जागेवर नसते त्यामुळे डिस्कला त्यांचा फारसा त्रास नसतो.

टिक काढली की बंद, परत लावली की चालू, त्यामुळे चुकलं तरी जीव घाबरा होत नाही, पण डिलीट करू नका आणि ड्रायव्हर्सच्या टॅबला हातच लावू नका. मुदत संपलेला अँटीव्हायरस मी टिक काढून न ठेवता सरळ अनइन्स्टॉल केला. कुठला प्रोग्राम डिस्क किती खातोय हे मात्र ऑटोरन्स सांगत नाही, त्यासाठी विंडोजमधल्याच रिसोर्स मॉनिटरचा डिस्क टॅब उघडा. सिसमेन, म्हणजे नेहमीचे प्रोग्राम आधीच मेमरीत भरून ठेवणारी विंडोजची सेवा, ते पण बंद करून बघितलं, सुरुवातीची कुरकुर कमी झाली पण ब्राउझर उघडायला जास्त वेळ लागायला लागला म्हणून परत चालू केलं.

आता ४ मिनिटांत हिशेबाची शीट उघडते. उरलेला वेळ डिस्कचाच आहे, तो एसएसडी, म्हणजे फिरणारे भाग नसलेली वेगवान डिस्क, टाकल्याशिवाय जाणार नाही, ती आम्ही दिवाळीत घेतोय.

एक काम आवर्जून करा, सगळं झाल्यावर फाइल मेनूतून ती यादी सेव्ह करून ठेवा. मागच्या रविवारी मी कम्पेअर करून बघितलं तर एक नवी ओळ हिरवी होऊन समोर आली, बंद केलेल्या अपडेटरने स्वतःला परत आत घेतलं होतं. टिक काढली आणि लॅपटॉप बाबांना दिला.