ट्रायपॉड ६५० चा, आठ महिने वापरून

काल सातवी ब वर माझा तास रेकॉर्ड करताना फोन ट्रायपॉडवरून धप्पकन तोंडावर पडला आणि अख्खा वर्ग खिदळला, म्हणून लिहायला बसले. ट्रायपॉडचे पाय अजून ठणठणीत आहेत, बोंब आहे ती फोन धरणाऱ्या क्लिपची. स्प्रिंग तिसऱ्याच महिन्यात ढिली, वॉरंटीचं विचारलं तर म्हणे क्लिप त्यात येत नाही. अहो मग क्लिपशिवाय ट्रायपॉडवर काय कपडे वाळत घालू? शेवटी सायकलच्या जुन्या ट्यूबची रिंग कापून गुंडाळली, फुकटात पाच महिने निघाले, कालपर्यंत.

बाकी स्वतःचे तास रेकॉर्ड करून बघायचे हे मला आधी थोतांडच वाटायचं. बीएडला सूक्ष्म पाठ, म्हणजे सरावाचे छोटे पाठ, घेतले ते समोर मैत्रिणींना बसवून, सहा मिनिटांचं नाटक. ही पद्धत १९६३ ला अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात निघाली आणि तिकडे पाठाचा व्हिडिओ दाखवायचे, आमच्याकडे नुसती निरीक्षण वही.

पहिले दोन महिने कॅमेरा माझ्यावर. दिसलं काय, तर माझी ओढणी आणि एका तासात ३४ वेळा 'बरोबर का?'. कॉलर माइक घेतला ९०० चा, तेही पैसे पाण्यात, माझा आवाज खणखणीत आणि पोरांची उत्तरं गायब.

मग एकदा मागे जागा नव्हती म्हणून फोन फळ्याशेजारी, पोरांकडे तोंड करून लावला आणि इथे माझं मत फिरलं. उणे तीन वजा उणे पाच किती, असं विचारलं होतं. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी बोटं मोजतेय, ओठ हलतायत, हात अर्धा वर आला, तेवढ्यात माझाच आवाज, 'दोन! बरोबर का?' हात खाली. जेमतेम दीड सेकंद. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षण-संशोधक बाईंनी १९७० च्या दशकातच सांगितलंय की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एकच सेकंद थांबतात, तीन थांबले तर जास्त मुलं बोलतात. वाचलं होतं मी, परीक्षेपुरतं.

आता पाठीमागे हात धरून बोटांवर तीन मोजते. पोरांनी तेही पकडलं, 'बाई, दोनच झाले!'

पोरं दिसतात म्हणून पालकांची लेखी परवानगी घेतलीय, रविवारी बघून झालं की डिलीट. व्हिडिओची क्वालिटी ७२० वरच ठेवून रेकॉर्ड करा, १०८० ला पस्तीस मिनिटांत चारेक जीबी जातात माझ्या फोनमध्ये. आणि क्लिप स्क्रूवालीच बघा, स्प्रिंगची फुकट दिली तरी नको. काल फुटलेल्या माझ्या फोनच्या स्क्रीनचे २४०० सांगितलेत.